टोलविरोधात उभं राहायचं तर

निपाणीच्या माणसाला कोल्हापूरला जायचं तर कोगनोळीचा टोलनाका लागतो आणि बेळगावला जायचं तर हत्तरगीचा. माझा भाजीचा टेम्पो बरीच वर्षं याच पट्ट्यात फिरला. टोलविरोधातल्या बैठका, निवेदनं, रास्ता रोको यांतही मी राहिलो. त्यातून जे कळलं, ते नव्याने या कामात पडणाऱ्या पोरांसाठी लिहितो आहे.

1. दरफलक खालपर्यंत वाचा.

नाक्यावरच्या फलकाच्या पहिल्या दोन ओळी सगळे वाचतात. आपल्या कामाचं त्याच्या खाली असतं. चोवीस तासांच्या आत परतलात तर दोन्ही फेऱ्यांचे मिळून दीडपट पैसे. नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या खासगी गाडीला कमी पैशांत मासिक पास. आणि एक रकाना असतो नाक्याच्या जिल्ह्यातच नोंदलेल्या व्यापारी वाहनांचा, तिथे दर निम्मा. 2008 च्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांवर हे सगळं उभं आहे, ही कोणाची मेहेरबानी नव्हे.

सीमाभागात या रकान्याचं काय होतं बघा. कोगनोळी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, म्हणून केए-23 ची पिवळ्या पाटीची गाडी त्या सवलतीवर हक्क सांगू शकते. कागल तिथून अगदी जवळ, पण कागलच्या टेम्पोवर एमएच-09 असतं, म्हणजे जिल्हा वेगळा, राज्यच वेगळं. शेताचा बांध एक, बाजार एक, नाका एक आणि दर दोन. हा प्रश्न निवेदनात पहिल्या क्रमांकावर घाला. आमच्या निवेदनांत तो कधी पाचव्या क्रमांकाच्या वर आला नाही.

2. बूथमधल्या पोराला शिव्या देऊ नका.

एका नाक्यावर सवलत असूनही माझ्या फास्टॅगमधून पूर्ण दर कापला गेला. मागे हॉर्नचा गोंगाट, टेम्पोत मेथीच्या पेंढ्या, कोल्हापुरातले सौदे सुरू व्हायची वेळ झालेली. बूथमधला पोरगा म्हणाला, “अण्णा, मी बी इथलाच हाय. सिस्टीम घेतच न्हाई तर मी काय करू?” खरंच त्याच्या हातात काही नव्हतं. ठेकेदाराकडे रोजावर असलेली ही आपलीच पोरं. कापलेल्या रकमेचा मेसेज जपून ठेवा, महामार्गाच्या 1033 या मदत क्रमांकावर तक्रार करून तिचा क्रमांक घ्या आणि तो तारखेसह वहीत उतरवा. अशा पंचवीस-तीस नोंदी झाल्या की अधिकारी खुर्ची पुढे ओढून बोलायला लागतो.

3. कोल्हापूर नीट समजून घ्या.

आमच्या भागात टोलचं आंदोलन म्हटलं की लोकांना जानेवारी 2014 मधले पेटलेले नाके आठवतात. पोरं तेवढंच सांगतात. त्याच्या आधीची आणि नंतरची वर्षं कोणी सांगत नाही.

शहरातले सुमारे 50 किलोमीटर रस्ते ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर करून त्यासाठी 30 वर्षं टोल घ्यायचा, असा आयआरबी कंपनीशी करार झाला होता. ऑक्टोबर 2013 मध्ये वसुली सुरू झाली. पण त्याआधीच सर्वपक्षीय कृती समितीने करार, कामाचा दर्जा आणि अपुरी कामं यांचा हिशेब लोकांपुढे मांडायला सुरुवात केली होती. पुढे होते एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे. सीमालढ्यामुळे एन. डी. सर आमच्या घराघरांत माहीत होते. ही माणसं करारातली कलमं सभेत वाचून दाखवत आणि भाजीवालीलाही ती कळत. वर्षानुवर्षं मोर्चे, धरणी, कोर्टकचेऱ्या चालल्या. 16 फेब्रुवारी 2015 ला पानसरे अण्णांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि 20 तारखेला ते गेले. तरी माणसं हटली नाहीत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारने टोल रद्द करत असल्याचं सांगितलं.

ते यश मोठंच. पण कंपनीने केलेल्या कामाचे पैसे शासनाला भागवावे लागले, म्हणजे ते जनतेच्याच तिजोरीतून गेले. सही झाल्यावर करार मोडायचा तर अशी किंमत पडते. म्हणून रस्त्याचं टेंडर निघतं तेव्हाच जागं व्हायला हवं. डांबर पडून बूथ उभे राहिले की फार उशीर झालेला असतो.

4. सवलत आली की माणसं पांगतात.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मासिक पास मिळाला की कारवाले डॉक्टर, वकील, मास्तर बैठकीला येईनासे होतात. 15 ऑगस्ट 2025 पासून 3,000 रुपयांचा वार्षिक पास आला, 200 फेऱ्यांचा. तोही पांढऱ्या पाटीच्या कार-जीपलाच. मोटरसायकल आणि ट्रॅक्टर यांना टोल नाही, त्यामुळे शेतकऱ्यालाही वाटतं आपला काय संबंध. उरतो टेम्पोवाला एकटा. पण त्याचं भाडं वाढतं ते शेतकऱ्याच्या मालविक्रीच्या पट्टीतूनच कापलं जातं. गावसभेत टोलवर भाषण करू नका. एक पट्टी घ्या, त्यातल्या भाड्याच्या आकड्यावर बोट ठेवा आणि तीच हातोहात फिरवा. आमच्याकडे गर्दी वाढली ती तेव्हापासून.

5. निवेदन दोन्ही भाषांत द्या.

निपाणीच्या तहसीलदारांना कन्नडमध्ये, कागलच्या तहसीलदारांना मराठीत. महामार्ग प्राधिकरणाची कार्यालयंही दोन बाजूंना वेगवेगळी, आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. मी मराठी माणूस आहे, सीमाप्रश्नावर माझं मत पक्कं आहे. तरीही सांगतो, संकेश्वरचा कन्नड ट्रकवाला शेजारी उभा राहिला तेव्हाच आमच्या मोर्चाला वजन आलं. 1981 साली याच निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकरी शरद जोशींबरोबर याच हमरस्त्यावर ठाण मांडून बसले होते आणि त्यांनी गोळ्या झेलल्या. त्यांच्यातही दोन्ही भाषांची माणसं होती.

6. रस्ता धड नसेल तर टोल थांबतो, हे आता कोर्टातही टिकलं आहे.

केरळात त्रिशूरजवळ पालियेक्करा नाक्यावर ऑगस्ट 2025 मध्ये हायकोर्टाने वसुली थांबवली, कारण कामांमुळे रस्ता तुंबलेला होता. प्राधिकरण सुप्रीम कोर्टात गेलं, पण आपल्या अमरावतीचे तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने दाद दिली नाही. बारा-बारा तास अडकून पडायचं असेल तर पैसे कशाचे द्यायचे, असाच त्यांचा रोख होता. सहापदरीकरणाच्या खोदाईत धूळ खात उभ्या राहणाऱ्या आमच्या लोकांनी हा निकाल छापून खिशात ठेवावा.

7. पुढचं काम.

एकाच दिशेने दोन नाक्यांत 60 किलोमीटर अंतर हवं, असं नियम सांगतो. कमी ठेवायचं तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. मार्च 2022 मध्ये रस्तेमंत्री गडकरींनी लोकसभेत अशा जवळच्या नाक्यांपैकी एक बंद करू, असं सांगितलं होतं. कोगनोळी आणि हत्तरगी यांच्यात एवढं अंतर नाही. म्हणून माहितीच्या अधिकारात ती लेखी कारणं मागायची. सहापदरी रस्त्याचा नवा दर लागण्याआधी सेवा रस्ते पूर्ण झाल्याचा दाखला मागायचा. 2019 आणि 2021 च्या पुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. तिथे भराव टाकणार की खांबांवरचा पूल बांधणार, याचंही उत्तर लेखी घ्यायचं. अर्जाचे नमुने आम्ही कन्नड आणि मराठीत तयार केले आहेत. सह्या गोळा करायला गावोगावी पोरं हवी आहेत.