केस मागे घ्यायची म्हणतोस?

चुलतभावाने बांधावरून मारलं, तू फिर्याद दिलीस, आता भावकी मध्ये पडली आणि तू म्हणतोस, ‘तात्या, उद्या ठाण्यात जाऊन केस मागे घेतो.’ अरे, ठाण्यात केस मागे घेता येत नाही. एफआयआर झाला की तू फक्त फिर्यादी; खटला ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ या नावानेच चालतो. तालुका कोर्टात कारकुनी करताना हेच सांगून माझा घसा बसायचा.

आधी एफआयआरची नक्कल काढ आणि कलमं बघ. नुसत्या हाताबुक्क्यांना भारतीय न्याय संहितेचं ११५(२) लागतं, आमच्या वेळच्या आयपीसीचं ३२३. ते जखमी माणूस स्वतः मिटवू शकतो, परवानगी लागत नाही. पण त्याची एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद होते. तुझा एफआयआर झालाय, म्हणजे वजनदार कलम असणार. हाड मोडलं, दात पडला, १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या, तर गंभीर दुखापत, ११७(२). ती मिटवायला कोर्टाची परवानगी हवी. आणि कोयता चालला असेल तर ११८. मग जखम किरकोळ का असेना, तालुक्याला मिटत नाही. हायकोर्टात गुन्हा रद्द करायचा अर्ज करावा लागतो, सोबत तुझं प्रतिज्ञापत्र. २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसतं, आपली मुंबईची वारी तेवढी वाचली. तिथंही गुन्हा किती गंभीर हे बघूनच ठरवतात. शिवीगाळ-दमदाटीची कलमं मिटतात, पण एक जरी न मिटणारं सोबत असलं तर ते एकटं चालू राहतं.

मिटण्याजोगं असेल तर चार्जशीट आल्यावर दोघांनी तडजोडीची पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन द्या, नाहीतर लोकअदालतीत ठेवायला सांगा. न्यायाधीश साहेब तुला विचारतील, ‘दबाव आहे का?’ असेल तर तिथंच सांग. तडजोड मंजूर झाली की आरोपी निर्दोष. नंतर मन बदललं तरी ही केस उघडत नाही.

एखादा शहाणा म्हणेल, ‘पुरसीस कशाला, साक्षीत शब्द फिरव.’ ऐकू नकोस. फितूर ठरशील, आणि शपथेवर खोटं बोलल्याचं प्रकरण उलट तुझ्याच गळ्यात पडू शकतं.

दवाखान्याचा खर्च तडजोडनाम्यात लिहून घे. आणि तुमच्या भांडणाचं मूळ तो बांध आहे, हे विसरू नका. भूमी अभिलेखात मोजणीचा अर्ज टाका, हद्दीचे दगड रोवून घ्या, पुरसीस त्यानंतर.