हुशार मूल कुणाला दिसतं?

निपाणीजवळच्या एका सरकारी मराठी शाळेत मी पाचवीला होते. माझ्या बाकावर एक मुलगी बसायची. तिची आई घरी बिड्या वळायची. बिडीची मजुरी हजारावर ठरते. बाद झालेल्या बिड्या वजा करून आठवड्याचे किती पैसे येणार, हे ती तोंडी सांगायची. मला तेच गणित वहीत दोनदा करावं लागायचं. त्या वर्षी मी नवोदयचा फॉर्म भरला, कारण माझ्या मामाला त्याची माहिती होती. तिला कुणी सांगितलंच नाही. माझी निवड झाली नाही. आणि ती परीक्षेला बसलीच नाही.

सरकारी शाळेतलं हुशार मूल ओळखतं कोण आणि ओळखल्यावर त्याला मिळतं काय, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलाय.

आधी आपल्याकडच्या वाटा बघू. सगळ्यात ठळक वाट जवाहर नवोदय विद्यालयाची. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ती देशभर नेली. पाचवीतल्या मुलांची परीक्षा होते आणि निवड झाली की सहावीपासून निवासी शिक्षण मिळतं. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. दोन तासांत 80 प्रश्न, 100 गुण. त्यातले निम्मे गुण बुद्धिमत्ता चाचणीला, म्हणजे आकृत्यांना. उरलेले अंकगणित आणि भाषेला. दुसरी वाट आठवीतल्या एनएमएमएस परीक्षेची. ही 2008 साली सुरू झाली. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या, कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना त्यातून नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात.

सीमाभागाची गंमत वेगळीच आहे. आपल्या जिल्ह्याचं नवोदय चिक्कोडी तालुक्यात कोथळीला, कोल्हापूर जिल्ह्याचं कागलला. निपाणी दोन्हींच्या मधे. पण मूल ज्या जिल्ह्यात शिकतं, तिथल्याच नवोदयची परीक्षा त्याला देता येते. महाराष्ट्रातल्या शाळांची शिष्यवृत्ती परीक्षा तर आपल्या मुलांसाठी नाहीच. कागलच्या मावसभावाच्या घरी शिष्यवृत्तीच्या सराव पुस्तकांची थप्पी, आणि पुस्तक मराठीच असलं तरी इकडच्या मुलाला त्या परीक्षेचं नावही ऐकून माहीत.

पण प्रश्न फक्त सीमेचा नाही. या सगळ्या परीक्षांना आधी फॉर्म भरावा लागतो. म्हणजे पहिली चाळणी बुद्धीची नाहीच, माहितीची आहे. घरात कुणी शिकलेलं असेल, गुरुजींनी आपणहून लक्ष घातलं असेल, तरच मूल त्या खोलीपर्यंत पोचतं.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात ब्रॉवर्ड काउंटीच्या सरकारी शाळांमध्ये हेच घडत होतं. पालक किंवा शिक्षक सुचवतील त्याच मुलाची चाचणी व्हायची. 2005 च्या सुमारास त्यांनी दुसरीतल्या सगळ्याच मुलांची, शब्दांऐवजी आकृत्यांची प्राथमिक चाचणी घ्यायला सुरुवात केली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. निकष सैल न करताच गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक घरांतली कितीतरी जास्त मुलं पात्र ठरली. मुलं तीच होती, फक्त आधी त्यांच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. पुढे खर्चकपातीत ही पद्धत आक्रसली आणि दरी पुन्हा वाढली.

कुणी म्हणेल, हे अमेरिकेचं झालं, आपल्याकडे कुठलं? तर ऐका. बिने यांनी 1905 मध्ये पॅरिसमध्ये बुद्धिमापनाची पहिली चाचणी केली, ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत करता यावी म्हणून. त्याच चाचणीची आपल्या भागासाठी सुधारित आवृत्ती डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडात तयार केली, तीही कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांतल्या मुलांसाठी. त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1940 साली निघालं. मुलाला त्याच्या भाषेत विचारल्याशिवाय त्याची बुद्धी कळत नाही, हे या मातीत तेव्हाच कळलं होतं.

आणि ओळखल्यानंतर काय? नवोदयच्या एका शाळेत सहावीला जास्तीत जास्त 80 जागा. बाकीची मुलं आपापल्या वर्गातच राहणार. 2020 च्या शैक्षणिक धोरणात 4.43 ते 4.46 हे परिच्छेद त्यांच्याबद्दल आहेत. शिक्षकांनी अशा मुलांना जादा वाचन, जादा काम द्यावं, शाळेपासून जिल्ह्यापर्यंत विषयांची मंडळं असावीत, असं त्यात म्हटलंय. पण चार इयत्तांना मिळून दोन शिक्षक असतील तर हे करायचं कुणी?

इथे मला आपलं वाङ्मय मंडळ आठवतं. आपल्यातले कितीतरी जण सीमाभागातल्या मराठी शाळांतूनच आलो. नवोदयचे फॉर्म निघतील तेव्हा आपापल्या जुन्या शाळेत एक दिवस जाऊया. पाचवीच्या वर्गाला, सगळ्याच वर्गाला, आकृत्यांचे दहा प्रश्न सोडवायला देऊया आणि ज्यांच्या घरी फॉर्म वाचणारं कुणी नाही, त्यांच्याबरोबर बसून तो भरूया. ‘हुशार असतील त्यांनी हात वर करा’ असं मात्र विचारायचं नाही. माझ्या बाकावरच्या त्या मुलीनं हात वर केला नसता.

ती आता गावातच शिवणकाम करते. मागच्या दिवाळीत तिच्याकडे ब्लाउज टाकायला गेले. तिनं माप घेतलं, पण कुठं लिहिलं नाही. "विसरशील की गं," मी म्हटलं. ती हसून म्हणाली, "आजवर विसरलंय का काही?"