मोटारीच्या इंजिनाचे टायमिंग : जुळणीतील दक्षता

पेडणे व डिचोली तालुक्यांत मोटार हे अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन आहे. २०१२ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये खाणकाम थांबले, तेव्हा डिचोलीतील कित्येक ट्रक दारात उभे राहिले. भाड्याच्या मोटारीचे इंजिन गॅरेजात खोळंबले, तरी घरची ओढाताण तशीच होते. म्हणून इंजिन उघडून पुन्हा जुळविण्यास शिकणाऱ्या तरुणाने टायमिंगचा भाग नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा पूर्ण होतो. त्यामुळे पिस्टन एका चक्रात दोनदा माथ्यावर येतो : एकदा मिश्रण दाबीत, दुसऱ्यांदा जळालेला वायू बाहेर ढकलीत. शिकाऊ कारागिराची गफलत बहुधा येथेच होते. पिस्टन वर आला एवढे पाहून तो डिस्ट्रिब्यूटर बसवितो. पिस्टन वायू ढकलीत आलेला असल्यास ठिणगी एक पूर्ण फेरा चुकते. इंजिन सुरू होत नाही, कार्बुरेटरमधून भडका मात्र उडतो.

अँबॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ मध्ये बंद झाले. तरी तिचे जुने पेट्रोल इंजिन शिकण्यास फार सोयीचे. चेन चढविताना दोन्ही दातेरी चक्रांवरील खुणा एकमेकींसमोर आणाव्यात. नंतर प्लग काढून क्रँकशाफ्ट चालण्याच्या दिशेनेच हळूहळू फिरवावा. ठिणगीचा क्रम १-३-४-२ असल्याने, चौथ्या सिलिंडरची एक झडप मिटत व दुसरी उघडत असता पहिल्याच्या दोन्ही झडपा मिटलेल्या असतात. तीच पहिल्याच्या ठिणगीची वेळ. रोटरचे टोक त्या वेळी पहिल्या प्लगच्या तारेकडे हवे. ठिणगी माथ्याच्या किती अंश आधी पडावी, हे त्या इंजिनाच्या पुस्तिकेवरून ठरवावे. प्लॅटिनम पॉइंटची तार व इंजिनाचे लोखंड यांमध्ये बारा व्होल्टचा दिवा जोडून स्विच चालू केल्यास पॉइंट उघडताक्षणी दिवा पेटतो. अंदाजापेक्षा ही साधी युक्ती केव्हाही बरी.

नव्या मोटारींत ठिणगीची वेळ संगणक ठरवितो, परंतु टायमिंगचा पट्टा वा चेन माणसालाच बसवावी लागते. यांपैकी पुष्कळ इंजिनांत, तसेच डिझेल इंजिनांत, पट्टा काही दाते चुकला तर पिस्टन झडपांवर आदळतो व हेड पुन्हा उतरविण्याचा खर्च मालकावर पडतो. याकरिता स्टार्टर लावण्यापूर्वी क्रँकशाफ्ट पान्याने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासाव्यात. मध्येच कोठे अडकल्यास पाना रेटू नये. तेथेच थांबून पट्टा उतरवावा.