अलिबागचा किनारा आणि तिथीचे गणित

एप्रिल-मे महिन्यांच्या सुटीत अलिबागच्या किनाऱ्यावर पर्यटकांची रीघ लागते. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्यास येणाऱ्या लाँचसेवेला २०२० मध्ये मोटारींसह प्रवासी आणणाऱ्या रो-रो बोटीची जोड मिळाली आणि मुंबईकरांस हा किनारा अधिकच जवळचा झाला. शहाळी, भेळ, वाळूवरचे खेळ हे तर कोणत्याही किनाऱ्यावर असतेच. येथील खरे आकर्षण म्हणजे समोर पाण्यात उभा असलेला कुलाबा किल्ला. ओहोटीच्या वेळी तेथवर पायी जाता येते, आणि नवख्या माणसाच्या संकटाचा आरंभ बहुधा याच वाटेवर होतो.

किनाऱ्यावरील कोळी समाजाजवळ यासाठी एक जुना आडाखा आहे. तिथीच्या अंकास पाऊणने गुणले म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब एकच. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. भरती रोज साधारणपणे ५० मिनिटे पुढे सरकते, आडाखा मात्र ४५ धरतो. त्यामुळे पंधरवड्याच्या अखेरीस उत्तर थोडे अलीकडचे येते. पौर्णिमेस सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बाराचा सुमार होतो. अचूक वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कोष्टकांत मिळते. परंतु सहलीच्या शिक्षकास आडाखाही पुष्कळ उपयोगी पडेल.

आता हेच गणित पर्यटकाच्या बाजूने मांडून पाहावे. पौर्णिमा-अमावास्येस उधाण असते. दुपारची भरती बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास. नेमकी हीच सूर्यास्ताची, गर्दीची वेळ. पाणी दूरवर हटलेले, वाट कोरडी. मंडळी निर्धास्तपणे पुढे जातात आणि काळोख पडत असताना पाणी मागे फिरते. हे पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा जेमतेम बारावा भाग येतो; तिसऱ्या व चौथ्या तासांत मिळून निम्मे पाणी येते. पहिल्या तासाची मंद गती पाहून थांबलेला माणूस म्हणूनच फसतो. उलट अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, चढउतार कमी असल्याने वाट पुरती उघडी पडेलच असे नाही.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी याच जिल्ह्यातील मुरूड येथे सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तो उन्हाळाही नव्हता, पावसाळाही नव्हता. ओहोटीच्या ओढीत सापडलेला मनुष्य सरळ किनाऱ्याकडे पोहू पाहतो व थकतो. त्याने किनाऱ्याला समांतर जाऊन ओढीबाहेर पडावे, हे पाण्यात उतरण्यापूर्वीच सांगितलेले असले पाहिजे.

‘पोहणे धोक्याचे आहे’ असा कायमचा फलक वर्षानुवर्षे उभा राहतो व कोणी वाचत नाही. त्याऐवजी रोज सकाळी खडूने लिहावयाचा काळा फळा नगरपरिषदेस वा ग्रामपंचायतीस सहज परवडेल. त्यावर तिथी, भरती व ओहोटीच्या वेळा आणि सर्वांत मोठ्या अक्षरांत किल्ल्यावरून परत निघण्याची वेळ लिहावी. ही वेळ ओहोटी पूर्ण होण्याची असावी, भरती सुरू झाल्यानंतरची नव्हे. जाणाऱ्याने त्यापूर्वी दीड तास निघावे. वाळूवर मोटार नेणाऱ्यांसही हाच फळा उपयोगी पडेल. ओल्या वाळूत रुतलेली गाडी ओढून काढण्यास भरती सवड देत नाही.