ग्रह, सूर्यमाला, दीर्घिका आणि विश्व : जळगाव ते धुळे एक प्रवास



पृथ्वी कशात आहे? सूर्यमालेत. सूर्यमाला कशात? दीर्घिकेत. दीर्घिका कशात? विश्वात. एवढे पाठांतर बहुतेक मुलांचे झालेले असते. मीही हा पाठ शिकवताना फळ्यावर एकात एक चार वर्तुळे काढायचो. एकदा एका मुलाने विचारले, "सर, मंग नेपच्यून संपला की लगेच तारे लागतात का?"

चूक त्याची नव्हती, माझ्या चित्राची होती. कशात काय आहे हे चित्रात दिसत होते, पण किती दूर आहे हे दिसत नव्हते. म्हणून आज आपण हा पाठ एक गोटी आणि एक भाकरी घेऊन शिकू या.

१) ग्रह आणि सूर्यमाला

आपल्या सूर्यमालेत तारा एकच, तो म्हणजे सूर्य. त्याच्याभोवती आठ ग्रह, त्यांचे उपग्रह, बटुग्रह, लघुग्रह आणि धूमकेतू फिरतात. सूर्यमालेतील एकूण वस्तुमानापैकी ९९.८ टक्क्यांहून अधिक वस्तुमान एकट्या सूर्याचे आहे. म्हणूनच त्याच्या गुरुत्वाकर्षणाने हे सगळे कुटुंब बांधलेले आहे. "सूर्यमालेत असंख्य तारे असतात" असे पेपरात लिहिले, तर गुण गेलेच म्हणून समजा!

आता सूर्य म्हणजे खेळण्याची गोटी समजा, साधारण १.४ सेंमी व्यासाची. मग पृथ्वी ही रव्याच्या कणाहूनही बारीक होईल आणि गोटीपासून दीड मीटरवर असेल. गुरू मोहरीएवढा, जवळजवळ आठ मीटरवर. नेपच्यून ४५ मीटरवर. म्हणजे आठही ग्रह शाळेच्या मैदानात मावले.

मग पुढचा तारा कुठे? आपल्या सूर्याला सर्वांत जवळचा तारा आहे प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२ प्रकाशवर्षे दूर. गोटी जळगावच्या शाळेत ठेवली, तर तो तारा सुमारे ४०० किमीवर, म्हणजे जवळपास मुंबईला ठेवावा लागेल! ही घ्या त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. नेपच्यून संपला की लगेच तारे लागत नाहीत, मोठी पोकळी लागते.

(लक्षात ठेवा : प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किमी जातो. तो वर्षभरात जेवढे अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष, म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किमी. प्रकाशवर्ष हे अंतराचे एकक आहे, काळाचे नाही.)

२) दीर्घिका

असे असंख्य तारे, त्यांच्या ग्रहमाला, वायू आणि धूळ गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेले असतात, त्या समूहाला दीर्घिका म्हणतात. आपली दीर्घिका म्हणजे मंदाकिनी किंवा आकाशगंगा. तिचा व्यास सुमारे १ लाख प्रकाशवर्षे असून तिच्यात १० हजार ते ४० हजार कोटी तारे असावेत असा अंदाज आहे. सूर्य तिच्या मध्यभागी नाही, केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे. रात्री नुसत्या डोळ्यांनी दिसणारा प्रत्येक सुटा तारा याच आपल्या दीर्घिकेतला असतो.

गोटीच्या मापाने मंदाकिनी मांडायला गेलो तर तिची रुंदी चंद्राच्या अंतराच्या सुमारे २५ पट भरते. गोटी आता पुरणार नाही. गोटी खिशात ठेवू आणि भाकरी घेऊ.

३) दीर्घिका ते विश्व

संपूर्ण मंदाकिनी म्हणजे २० सेंमीची कळण्याची भाकरी समजा. ती जळगावात ठेवा. आपली मोठी शेजारीण देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षे दूर, म्हणजे दुसरी भाकरी फक्त पाच मीटरवर. इथे एक गंमत पाहा. ताऱ्यांच्या आकाराच्या मानाने त्यांच्यातली अंतरे प्रचंड असतात, पण दीर्घिका त्यांच्या आकाराच्या मानाने बऱ्याच जवळ असतात. त्यामुळे दीर्घिका एकमेकींत मिसळल्या तरी त्यांतले तारे सहसा एकमेकांवर आदळत नाहीत.

दीर्घिकांचेही गट असतात. मंदाकिनी, देवयानी आणि अनेक लहान दीर्घिका मिळून आपला स्थानिक समूह होतो. अशा समूहांचे मोठे महासमूह होतात. २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच एक महासमूह शोधला आणि त्याला 'सरस्वती' हे नाव दिले. तो सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर असून जवळपास ६५ कोटी प्रकाशवर्षे पसरलेला आहे. आपल्या मापाने तो आठ किमीवर, म्हणजे धुळ्याच्या रस्त्याला गिरणेच्या पुलाच्या आसपास येतो, आणि सव्वा किमीहून अधिक जागा व्यापतो.

मग आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वाची सीमा कुठे? सुमारे ४,६५० कोटी प्रकाशवर्षांवर. भाकरीच्या मापाने ९३ किमी. एरंडोल, पारोळा मागे टाकत तुम्ही जवळजवळ धुळ्याला पोहोचता! विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे असताना सीमा इतकी दूर कशी? कारण प्रकाश प्रवासात असताना विश्व प्रसरण पावत राहिले. या सीमेपलीकडेही विश्व आहे, पण तिथला प्रकाश अजून आपल्यापर्यंत आलेला नाही.

४) लांबत गेलेला पत्ता

शंभर वर्षांपूर्वी मंदाकिनी म्हणजेच सगळे विश्व असे अनेक शास्त्रज्ञ मानत. देवयानी ही आपल्या दीर्घिकेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे, हे एडविन हबल यांनी १९२०च्या दशकात दाखवले. आपला पत्ता तेव्हापासून लांबला : जळगाव, महाराष्ट्र, भारत, पृथ्वी, सूर्यमाला, मंदाकिनी, स्थानिक समूह, विश्व.

करून पाहा :
• मैदानात गोटी ठेवून दीड, आठ आणि ४५ मीटरवर खुणा करा.
• दिवाळीच्या सुट्टीत, अमावस्येच्या आसपास, गावाच्या दिव्यांपासून दूर शेतात मोठ्या माणसांसोबत जा. रात्री नऊ-दहाला उत्तरेकडे उंच आकाशात देवयानी अंधूक ढगासारखी दिसते. तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे.

विचार करा : सूर्यमाला आणि दीर्घिका यांतील फरक तुमच्या लहान भावंडाला भाकरी-गोटी वापरून सांगता येईल का? सांगता आला, तर पाठ समजला!