मातीची पारख

शास्त्रपाठ : मत्तय 13 : 1–23

पेरणाऱ्याचा दाखला आपण पुष्कळदा ऐकला आहे. त्यातील खडकाळ जमीन म्हणजे नुसते धोंड्यांचे रान नव्हे. वर माती असते, पण थोडक्याच अंतरावर खाली खडक असतो; म्हणून अंकुर लवकर फुटतो आणि ऊन तापताच करपतो. तामलवाडीकडील शेतकऱ्यास हे फोडून सांगावयास नको. माळावरील बरडात वीतभर खणले की मुरूम लागतो आणि ओढ्याकाठी काळी माती कमरेइतकी खोल असते. पहिल्या पावसानंतर मात्र दोन्ही राने सारखीच हिरवी दिसतात.

सोलापूर येथे 1933 साली कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. पीक ठरविण्यापूर्वी मातीची खोली पाहावी, हा तेथील मोठा धडा होय. वीतभराहून उथळ जमीन गवतास, बोरीस किंवा सीताफळास द्यावी. एक वीत ते एक हात खोल जमिनीत खरिपाची बाजरी, मटकी, हुलगा घ्यावा. त्याहून खोल व ओल धरणाऱ्या रानात रब्बी ज्वारी आणि हरभरा शोभतो. कुदळ घेऊन प्रत्येक तुकड्यात एक खड्डा खणावा. यास पैसा लागत नाही.

खोली डोळ्यांस दिसते, परंतु मातीतील अन्न दिसत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा हवी. 2015 साली सरकारने मृदा आरोग्य पत्रिकेची योजना काढली. त्या पत्रिकेत बारा बाबींची नोंद असते. (कित्येक घरी ही पत्रिका ट्रंकेच्या तळाशी पडून आहे, हे दुःखाने लिहावे लागते.) आपल्याकडील काळ्या मातीत पालाश बहुधा पुरेसा असतो, नत्र व सेंद्रिय कर्ब कमी असतात आणि जस्त व लोह यांची वाण असते. चुनखडीच्या रानात लोह असूनही पिकास मिळत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी भला मनुष्यही कर्ज काढून युरियाचे पोते आणतो. रोग तसाच राहतो, कर्ज मात्र वाढते.

लूकच्या 13 व्या अध्यायातील माळ्याने अंजिराच्या झाडासाठी एक वर्षाची मुदत मागितली, ती भोवती खणून खत घालण्यासाठी. कर्बही असाच सावकाश वाढतो. शेणखत, ताग आणि न जाळलेली धसकटे हीच त्याची भाकर होय.

उपदेशक बंधूंनी नमुना घेण्याची रीत मंडळीस प्रत्यक्ष करून दाखवावी. पीक निघाल्यावर व खत घालण्यापूर्वी, रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे खड्डे घ्यावे. बांध, विहीर, झाडाची सावली व उकिरड्याची जागा टाळावी. खड्ड्याच्या कडेची माती लाकडी कामटीने खरवडावी, कारण गंजक्या लोखंडाने लोहाचा आकडा खोटा येतो. सर्व माती मिसळून तिचे चार भाग करावे, समोरासमोरचे दोन टाकावे आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करीत जावे. माती सावलीत वाळवावी. बरड व काळी कधीही एकत्र करू नये. प्रत्येकीची पिशवी निराळी असावी. पिशवी कापडाची व स्वच्छ असावी, खताच्या पोत्याची नको. आत नाव, गट क्रमांक, मागील पीक आणि पुढे घ्यावयाचे पीक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. नमुना कोठे द्यावा, हे तुळजापूरच्या कृषि विज्ञान केंद्रात विचारावे.