धांवत्या वस्तूवर भिंगाची नजर

शाळेच्या क्रीडामहोत्सवाचीं छायाचित्रें पाहतांना पुष्कळ पालकांस एक अनुभव येतो. मुलगी फीत तोडीत आहे, हात वर गेले आहेत; परंतु तिचा चेहरा धुकट, आणि मागचें कडुनिंबाचें झाड मात्र पान न् पान मोजावें इतकें स्पष्ट! शर्यत पुन्हा धांवावयाची नसते. तेव्हां तें चित्र गेलें तें गेलेंच. मग दोष कॅमेऱ्यावर जातो व घरांत अधिक किंमतीच्या यंत्राची मागणी सुरू होते. हा दोष खरोखर यंत्राचा आहे कीं नाहीं, हें पैसे मोजण्यापूर्वीं तपासतां येतें. ती तपासणी कशी करावी, व तिच्या मुळाशीं शालेय पुस्तकांतीलच कोणतें तत्त्व आहे, हें येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

बहिर्गोल भिंगासमोरील वस्तु जसजशी जवळ येते, तसतशी तिची प्रतिमा भिंगापासून दूर सरकते, हें वर्गांत मेणबत्ती व पडदा घेऊन सर्वांनीं पाहिलेलें असतें. कॅमेऱ्यांत पडद्याचें काम संवेदक करतो व तो जागचा हालत नाहीं. म्हणून भिंगासच सरकावें लागतें. आतां २०० मिलिमीटर नाभीय अंतराचें भिंग घेऊं, आणि ताशीं १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदास ५ मीटर, वेगानें सरळ आपल्याकडे येणारा सायकलस्वार घेऊं. तो २० मीटरांवर असतां प्रतिमा नाभीच्या पलीकडे सुमारें २ मिलिमीटरांवर पडते. १० मीटरांवर आला कीं सुमारें ४. आणि ५ मीटरांवर ८ मिलिमीटरांहून थोडी अधिक. पहिले १० मीटर येण्यास त्यास २ सेकंद लागले, व तेवढ्यांत भिंग २ मिलिमीटर सरकलें. पुढील ५ मीटरांस एकच सेकंद लागला, व त्यांत भिंगास ४ मिलिमीटरांहून अधिक सरकावें लागलें. सायकलचा वेग रतिभरही वाढला नाहीं. भिंगाचा मात्र चौपट झाला! आजच्या अनेक भिंगांत सबंध भिंग न हालतां आंतील कांहीं कांचाच हालतात, तरी त्यांची धांदल याच जातीची असते. विद्यार्थ्यांनीं हे आंकडे सूत्रांत घालून स्वतः पडताळून पाहावेत.

चूक किती खपते, हेंही पाहिलें पाहिजे. या भिंगाचें छिद्र २.८ क्रमांकावर उघडलें असेल आणि संवेदक ३६ गुणिले २४ मिलिमीटरांचा असेल, तर १० मीटरांवर स्पष्टतेचा पट्टा पुढचामागचा मिळून सुमारें ४० सेंटिमीटर असतो. ५ मीटरांवर तो जेमतेम १०. हा १० सेंटिमीटरांचा पट्टा आमची सायकल सेकंदाच्या पन्नासाव्या भागांत ओलांडते.

एवढ्या घाईंत भिंगास वाट दाखवितो कोण? अंगठा समोर धरून एकदां उजवा, एकदां डावा डोळा मिटून पाहा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो, आणि तो जितका जवळ तितकी उडी मोठी. कॅमेराही भिंगाच्या दोन बाजूंनीं आलेल्या दोन प्रतिमा ताडून पाहतो. त्या कोणत्या दिशेस व किती सरकल्या आहेत, यावरून भिंग कोणीकडे न्यावें तें त्यास कळतें. परंतु माप घेणें, भिंग हालविणें व शटर उघडणें यांस वेळ लागतो. तो दशांश सेकंद धरला, तरी तेवढ्यांत सायकलस्वार अर्धा मीटर पुढें आलेला असतो. म्हणून ‘सतत ऑटोफोकस’ (कोणी यास ‘एएफ-सी’ म्हणतात, कोणी ‘सर्वो’) मागील मापांवरून पुढील जागेचें भाकीत करतो. झेल घेणारा गडी चेंडू आहे तेथें न धांवतां, तो पडणार तेथें धांवतो, तसेंच हें. १९८५ सालच्या मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्यानें ऑटोफोकस लोकप्रिय केला. भाकिताची सोय १९८८ च्या मिनोल्टा ७०००आय मध्यें आली.

एडवर्ड मायब्रिज यानें १८७८ सालीं कॅलिफोर्नियांत कॅमेऱ्यांची रांग मांडून धांवत्या घोड्याचीं प्रसिद्ध चित्रें घेतलीं. घोडा रांगेस समांतर धांवला, त्यामुळें अंतर बदलण्याचा प्रश्नच नव्हता. आज जे लोक रस्त्याच्या कडेस उभे राहून आडव्या जाणाऱ्या मोटारींचीं चित्रें घेतात व ‘फोकस उत्तम’ असा निर्वाळा देतात, ते मायब्रिजच्याच सोप्या प्रश्नाचें उत्तर तपासीत असतात. खरी परीक्षा समोरून येणाऱ्याची.

ती शाळेच्या मैदानावर होते. फक्कीच्या रेघा ५, १० व २० मीटरांवर आंखाव्या. सायकलच्या हँडलला पुठ्ठ्यावर चिकटविलेला वर्तमानपत्राचा कागद बांधावा. कारण स्पष्टता डोळ्यांपेक्षां अक्षरांवरून चांगली कळते. शटर १/१००० सेकंद ठेवावें. स्वार २० मीटरांच्या बऱ्याच पलीकडे असतांनाच फोकस धरावा, म्हणजे भाकितास आधार मिळतो. पुष्कळ चित्रें बिघडतात तीं उशिरा धरल्यामुळें. एकाच फेरीवर निकाल देऊं नये.

धुकट चित्र आलें तर प्रथम मागची जमीन पाहावी. जमीन स्पष्ट व अक्षरें पुसट, तर भिंग मागें राहिलें. सर्वच एका दिशेस ओढल्यासारखें दिसलें, तर हात हालला. केवळ पायच पुसट, तर शटर मंद. १/६० सेकंदांत आडवी जाणारी सायकल ८ सेंटिमीटर सरकते, आणि त्यास कोणताही ऑटोफोकस इलाज करूं शकत नाहीं. आम्हीं मैदानावर पाहिलें तें असें, कीं बिघाड शेवटच्या ५-६ मीटरांतच दाटतो. तेथें छिद्र ८ क्रमांकावर आणलें कीं ५ मीटरांवरील पट्टा सुमारें ३० सेंटिमीटर होतो. हा इलाज फुकटचा आहे, व भर उन्हांत प्रकाशही पुरतो. पालकांनीं नवें यंत्र घेण्यापूर्वीं हें एकदां करून पाहावें, असें आम्हांस आग्रहानें वाटतें.

आमच्या दोन जिल्ह्यांत याहून कठीण मैदानें आहेत. साताऱ्यास २०१२ सालीं सुरू झालेली हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वराचा घाट चढते. तेथें धांवणारे सावकाश येतात, परंतु एकमेकांस झांकीत येतात. कॅमेरा पुढच्या अनोळखी माणसावर उडी घेतो. यासाठीं फोकस किती चटकन सोडावा याची जी मात्रा यंत्रांत असते, ती मंद ठेवावी. बैलगाडा शर्यतींस अनुमति देणारा राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयानें मे २०२३ मध्यें वैध ठरविला. तेथें समोरून चित्र घेण्याचा मोह मोठा. पण धांवेच्या वाटेंत किंवा तिच्या तोंडाशीं कोणींही उभें राहूं नये. सुटलेले बैल छायाचित्रकार पाहून थांबत नाहींत. कडेच्या कुंपणामागून, लांब भिंगानें, तिरपें चित्र घ्यावें.

सांगलीस पावसाळ्यांत कृष्णेच्या पात्रांत होड्यांच्या शर्यती होतात. १९२९ च्या आयर्विन पुलावरून ६० मीटरांवरची होडी टिपली तर स्पष्टतेचा पट्टा, तेंच भिंग व २.८ हेंच छिद्र असतां, सुमारें १५ मीटरांचा होतो. सगळे वल्हेकरी त्यांत मावतात. असें चित्र सुंदर येईल, परंतु दुकानदार तें कॅमेऱ्याची थोरवी म्हणून दाखवूं लागला, तर त्यास सायकल व पुठ्ठा घेऊन मैदानावर बोलवावें.